प्रस्तावना : गुण कोणाचा?

एमबीबीएसनंतरचं बंधपत्राचं वर्ष मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. बाजाराच्या दिवशी तिथे ओपीडीत पाय ठेवायला जागा नसायची. त्या गर्दीत दर पंधरवड्याला एक आजी यायच्या. कंबर, गुडघे, अंग मोडून येणं, हीच तक्रार. तपासणीत वयोमानानुसार झालेली झीज सोडली तर काही सापडत नसे. गोळ्या लिहून दिल्या की आजी तो कागद बाजूला सारायच्या आणि पदर सावरून दंड पुढे करायच्या. "गोळीनं काय व्हतंय, लेकरा? सुई दे. ती लाल असती, ती."

लाल सुई म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. झिजलेल्या गुडघ्यावर त्याचा उपयोग होण्याचं काही कारण नाही, हे मला ठाऊक होतं. तरी एकदा ते दिलं. पंधरा दिवसांनी आजी आल्या त्या हसतच. "गुण आला बघ. तुझ्या हाताला गुण हाय."

मला बरं वाटलं, आणि घरी जाताना तितकंच अस्वस्थही. हा गुण कोणाचा? जीवनसत्त्वाचा? सुईचा? तिच्या लाल रंगाचा? दर खेपेला कुणीतरी पाच मिनिटं समोर बसून विचारपूस करतं, त्याचा? की गुडघेदुखी मुळातच कमीजास्त होत असते आणि आजी ती टोकाला गेली की दवाखान्याची वाट धरत, म्हणजे पुढे उतार पडणारच होता, त्याचा?

आपल्या भाषेत औषधाला गुण असतो, वैद्याच्या हाताला गुण असतो आणि रोग्याला गुण येतो. तिन्ही गोष्टी एकाच शब्दात नांदतात. विज्ञानाला मात्र त्या एकमेकींपासून सोडवून घ्याव्या लागतात, आणि हे काम दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे. ते करण्याचं एक साधन गेल्या दोन-अडीच शतकांत हळूहळू घडत गेलं. त्याचं नाव प्लासिबो. या संग्रहातले सगळे लेख या एका शब्दाभोवती फिरतात.

प्लासिबो म्हणजे दिसायला, चवीला आणि देण्याच्या पद्धतीत हुबेहूब खऱ्या उपचारासारखं, पण ज्या घटकामुळे उपचार काम करतो असं मानलं जातं तो घटकच नसलेलं काहीही. साखरेची किंवा स्टार्चची गोळी, सलाइनची सुई, कातडीवर नुसता छेद घेऊन टाके घातलेली खोटी शस्त्रक्रिया, हे सगळे प्लासिबोच. ही व्याख्या सोपी आहे. गोंधळ तिच्या पुढे सुरू होतो. समजा, एका चाचणीत प्लासिबो घेतलेल्या १०० रोग्यांपैकी ४० जणांना बरं वाटलं. "प्लासिबोने ४० टक्के लोक बरे झाले" असं लगेच लिहिलं जातं, आणि ते चूक असतं. त्या ४० जणांत आपोआप बरे होणारे असतात. दुखणं टोकाला असताना नाव नोंदवलेले आणि म्हणून पुढे सरासरीकडे परतलेले असतात. मनाने दुसरं औषध घेणारेही असतात आणि डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून "बरं आहे" म्हणणारेही असतात. हे सगळे वजा केल्यावर जे उरेल, तेवढाच प्लासिबोचा खरा परिणाम. तो मोजायचा तर तिसरा गट लागतो, ज्याला ना औषध ना प्लासिबो, फक्त नोंद. या तिसऱ्या गटाची आठवण ठेवली तर या विषयातले निम्मे वाद नीट कळतात.

शब्द लॅटिन आहे. अर्थ, 'मी संतोष देईन'. मध्ययुगीन युरोपात मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या सायंप्रार्थनेत तो सुरुवातीलाच येई. पैसे घेऊन ही प्रार्थना म्हणणारे भाडोत्री लोक असत, त्यांच्यामुळे शब्दाला खुशामतीचा वास चिकटला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजी वैद्यकीय कोशांत शिरला तो याच अर्थाने, रोग्याचं समाधान व्हावं म्हणून दिलेलं औषध.

पण प्लासिबोमागची युक्ती वैद्यकात आली ती वेगळ्याच दाराने. १७८४ साली पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ने लोकांना वेड लावलं होतं. माणसाच्या शरीरातून एक अदृश्य प्रवाह वाहतो आणि तो वळवून रोग बरे करता येतात, असा त्याचा दावा. सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. पासी इथल्या फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरचा शिष्य देस्लोन याने एक जर्दाळूचं झाड 'भारून' दिलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत आणलं आणि एकेका झाडाजवळ नेलं. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला, खोकला आला. पुढच्या झाडांपाशी त्रास वाढत गेला आणि चौथ्या झाडापाशी त्याची शुद्धच हरपली. यांतलं एकही झाड भारलेलं नव्हतं. भारलेलं जर्दाळूचं झाड तिथून दूर होतं. मुलगा ढोंग करत नव्हता. त्याला जे झालं ते खरंच झालं, फक्त ते झाडामुळे झालं नव्हतं. या विषयाचं सगळं सार त्या बागेत आहे. परिणाम खरा असू शकतो आणि त्याचं सांगितलेलं कारण खोटं असू शकतं.

पंधरा वर्षांनी, १७९९ मध्ये, इंग्लंडमधल्या बाथ इथे जॉन हेगार्थ या डॉक्टरने हीच युक्ती औषधोपचाराला लावली. तेव्हा पर्किन्स नावाच्या अमेरिकी माणसाच्या धातूच्या दांड्या दुखऱ्या जागेवर फिरवायच्या, म्हणजे वेदना 'ओढून' निघतात, असा बोलबाला होता. हेगार्थने तशाच दिसणाऱ्या लाकडी दांड्या करून घेतल्या. पाचपैकी चार रोग्यांना त्यांनीही आराम पडला. पुढच्याच वर्षी त्याने यावर पुस्तिका काढली. कल्पनाशक्ती रोग घडवू शकते आणि बराही करू शकते, असा तिचा विषय होता.

एकोणिसाव्या शतकात दवाखान्यातला प्लासिबो राजरोस चालत होता. अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी १८०७ मधल्या एका पत्रात लिहिलं आहे की, त्यांच्या ओळखीचा एक नामांकित डॉक्टर पावाच्या गोळ्या, रंगीत पाणी आणि लाकडाची राख ही औषधं बाकी सगळ्या औषधांपेक्षा जास्त वापरत असे. तेव्हाच्या बऱ्याच खऱ्या औषधांत पारा आणि अँटिमनी असे. त्यामुळे पावाची गोळी अनेकदा जास्त सुरक्षित होती, हेही खरं.

आधुनिक चाचणीचा पाया घातला गेला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रिटनमध्ये क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन अतिशय कमी होतं, सगळ्यांना पुरणं शक्य नव्हतं. सांख्यिकीतज्ज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी रोग्यांची वाटणी ठरवली. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ जण दगावले, दुसऱ्या गटात १४. १९४८ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. या ऐतिहासिक चाचणीत प्लासिबो नव्हता. महिनोन्‌महिने दिवसातून चार वेळा सलाइनच्या सुया टोचणं हिल यांना पटलं नाही. त्याऐवजी कोणता एक्स-रे कोणत्या गटातला, हे तो वाचणाऱ्या तज्ज्ञांना सांगितलं नव्हतं. प्लासिबो केव्हा वापरू नये, याचा धडा असा पहिल्याच पानावर गिरवला गेला.

१९५५ मध्ये हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाचा लेख आला. १५ अभ्यासांतले १,०८२ रोगी एकत्र मोजून त्याने सांगितलं की, सरासरी ३५ टक्के लोकांना प्लासिबोने समाधानकारक आराम पडतो. 'एक तृतीयांश' हा आकडा तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसला. बीचरने तो मांडताना तिसरा गट विचारात घेतला नव्हता. ज्याला त्याने प्लासिबोची ताकद म्हटलं, त्यात काळाचं आणि चढ-उताराचं श्रेयही जमा होतं. आकडा सदोष होता, पण त्याने केलेली मागणी रास्त होती. प्रत्येक नव्या औषधाने प्लासिबोसमोर उभं राहून स्वतःला सिद्ध करावं, ही ती मागणी. थॅलिडोमाइड या औषधाने झालेल्या दुर्घटनेनंतर १९६२ मध्ये अमेरिकेत कायदा बदलला आणि औषध बाजारात आणण्यापूर्वी नियंत्रित चाचण्यांतून त्याचा उपयोग सिद्ध करणं सक्तीचं झालं. हळूहळू जगभर हीच रीत रुळली.

प्लासिबो काम करतो तरी कसा? याची उत्तरं देणारे चार-पाच विचारप्रवाह आहेत आणि या संग्रहात ते एकमेकांशी बोलताना, कधी भांडतानाही भेटतील.

पहिला प्रवाह अपेक्षेचा. आपल्याला काय होणार आहे याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो आणि जे जाणवतं त्यात त्या अंदाजाचा वाटा असतो, असं मानसशास्त्रज्ञ अर्विंग कर्श आणि त्यांच्या मार्गाने जाणारे संशोधक सांगतात. दुसरा प्रवाह सवयीचा. १९७५ मध्ये रॉबर्ट ॲडर आणि निकोलस कोहेन यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध एकत्र दिलं. पुढे औषध काढून घेतलं, तरी नुसत्या गोड पाण्याने त्यांची प्रतिकारशक्ती दबली. उंदराला 'विश्वास' नसतो, तरी शरीर शिकतं.

तिसरा प्रवाह थेट मेंदूच्या रसायनांत उतरतो. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर प्रयोग केला. प्लासिबोने ज्यांची वेदना कमी झाली होती, त्यांना अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिल्यावर ती पुन्हा वाढली. म्हणजे प्लासिबोने शरीराच्या स्वतःच्याच वेदनाशामकांचं दार उघडलं होतं. २००१ मध्ये पार्किन्सनच्या रोग्यांत प्लासिबो दिल्यावर मेंदूत डोपामाइन स्रवताना स्कॅनवर दिसलं. इटलीत तुरिन इथे फाब्रित्सिओ बेनेडेट्टी यांनी प्रश्न उलटा केला. शस्त्रक्रियेनंतर तेच वेदनाशामक एकदा डॉक्टरने समोर उभं राहून, सांगून दिलं आणि एकदा रोग्याच्या नकळत यंत्रातून सोडलं. नकळत दिलेल्या औषधाचा गुण कमी आला. खऱ्या औषधाच्या गुणातही देणाऱ्याचा वाटा असतो, हे यातून दिसलं.

चौथा प्रवाह मानववंशशास्त्राकडून येतो. डॅनियल मोअरमन यांच्या मते निष्क्रिय गोळी काहीच करू शकत नाही, करतो तो तिला मिळालेला अर्थ. हार्वर्डचे टेड कॅप्चुक यांनी या अर्थाला मोजपट्टी लावली. २००८ मध्ये पोटाच्या इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या २६२ रोग्यांचे त्यांनी तीन गट केले. नुसतं प्रतीक्षा यादीत ठेवलेल्यांपैकी २८ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, कोरडेपणाने खोटं ॲक्युपंक्चर केलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि तेच आस्थेने बोलून, ऐकून घेऊन केलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना. सुयांत काही नव्हतं. फरक पडला तो वागणुकीने. माझ्या आजींना सुईच का हवी होती, याचाही थोडा उलगडा इथे होतो. अर्धशिशीच्या चाचण्यांतले प्लासिबो गट एकत्र पाहिले, तर गोळीने सुमारे २६ टक्क्यांना आणि सुईने सुमारे ३२ टक्क्यांना आराम पडलेला दिसतो.

पाचवा प्रवाह संशयवाद्यांचा, आणि माझ्या मते या सगळ्यांना जमिनीवर ठेवणारा. डेन्मार्कच्या ह्रोब्यार्टसन आणि ग्योट्शे यांनी २००१ मध्ये ज्या चाचण्यांत तिसरा, विनाउपचार गट होता अशा ११४ चाचण्या तपासल्या. वेदनेसारख्या, रोग्याने स्वतः सांगायच्या गोष्टींत थोडा परिणाम दिसला. यंत्राने किंवा प्रयोगशाळेत मोजायच्या गोष्टींत दखल घेण्यासारखं काही हाती लागलं नाही.

हे सगळे प्रवाह एका ठिकाणी स्वच्छ भेटतात ते दम्याच्या एका छोट्या चाचणीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेच ३९ रोगी आळीपाळीने चार परिस्थितींतून गेले. खऱ्या औषधाचा पंप, रिकामा पंप, खोटं ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही. "किती बरं वाटलं?" असं विचारल्यावर खऱ्या पंपाने ५० टक्के सुधारणा सांगितली गेली, रिकाम्या पंपाने ४५ आणि खोट्या सुयांनी ४६. काहीच न देता २१. पण फुंकर मारून श्वासाचा जोर मोजला, तेव्हा खऱ्या औषधाने तो २० टक्के वाढला होता आणि बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्के. हे आकडे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवते. प्लासिबोने त्या माणसांचा त्रास हलका झाला, ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या श्वासनलिका मात्र जवळजवळ होत्या तितक्याच आवळलेल्या राहिल्या. बरं वाटण्यावर विसंबून दम्याचा रोगी खरा पंप दूर ठेवील, तर एखाद्या रात्री जीव गमावील. प्लासिबो दुःखाशी बोलतो. गाठ, जंतू, आवळलेली श्वासनलिका यांच्यापर्यंत त्याचा आवाज पोचतो असा पुरावा नाही. त्याची ताकद आणि तिची हद्द अशी एकत्रच समजून घ्यायला हवी.

आता चाचणीतल्या प्लासिबोकडे वळू. तिथे त्याचं काम बरं करण्याचं नसून मोजण्याचं असतं. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, बैठक क्रमांक असतो, कारण नाव दिसलं की प्रामाणिक परीक्षकाचाही हात नकळत सैल किंवा आखडता होतो. दुहेरी अंध चाचणीत हेच केलं जातं. कोणाला काय मिळालं हे रोग्याला माहीत नसतं, तसंच त्याला तपासणाऱ्यालाही. आपल्याकडे पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या कुंडल्या नावं झाकून ज्योतिषांपुढे ठेवल्या होत्या, त्यामागचं तत्त्वही हेच. हुशार मुलं कोणती आणि मतिमंद कोणती, हे कुंडलीवरून सांगायचं होतं. उत्तरं नाणेफेकीपेक्षा सरस निघाली नाहीत.

हे झाकणं म्हणजे कसबाचं काम आहे. गोळीचा रंग, वजन, कडवटपणा, डबीवरचं लेबल, सगळं जुळावं लागतं. औषधाने तोंड कोरडं पडत असेल आणि प्लासिबोने पडत नसेल, तर रोगी ओळखतो आणि चाचणीचं गुपित फुटतं. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली यांनी झिजलेल्या गुडघ्यांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची परीक्षा घेतली. खोट्या गटातल्या रोग्यांच्या कातडीवर छेद घेतले, हत्यारं मागितली, गुडघा धुताना होतो तसा पाण्याचा आवाजही केला. १८० रोग्यांवरचा हा अभ्यास २००२ मध्ये आला. दोन वर्षांच्या पाहणीत खऱ्या शस्त्रक्रियेचा गट खोट्यापेक्षा कुठेच पुढे नव्हता. माझ्या आजींचे गुडघे अशा वेळी आठवल्याशिवाय राहत नाहीत.

प्लासिबो गट नसता तर काय झालं असतं, याचं सर्वांत दाहक उदाहरण हृदयरोगाचं आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणं धोक्याचं असतं. ते नियमित करणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं १९८०च्या दशकात डॉक्टर भरवशाने देत होते. ईसीजी सुधारलेला डोळ्यांना दिसत होता. मग 'कास्ट' ही चाचणी झाली. औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, प्लासिबो घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ठोके सुधारत होते आणि माणसं जात होती. दवाखान्यात बसलेल्या एकट्या डॉक्टरला हे कधीच दिसलं नसतं, कारण दगावलेला रोगी मूळ रोगानेच गेला असं वाटलं असतं.

आपल्या देशाची चाचणी सांगायची तर तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूची. १९६८ पासून तिथे अडीच लाखांहून अधिक लोकांना बीसीजी किंवा प्लासिबो देऊन पंधरा वर्षं पाहणी केली गेली. मोठ्या माणसांना होणारा फुप्फुसाचा क्षय बीसीजी रोखत नाही, असा निकाल आला. तो ऐकणं कोणालाच सुखाचं नव्हतं, तरी तो दडपला गेला नाही. बाळांमधल्या क्षयाच्या गंभीर प्रकारांविरुद्ध बीसीजीचा उपयोग होतो, म्हणून ती आजही दिली जाते. कुठे उपयोग आहे आणि कुठे नाही, हे वेगळं करून सांगता आलं, ते मोजणीमुळे.

प्लासिबोची काळी बाजूही आहे. अपाय होईल अशा अपेक्षेने होणाऱ्या त्रासाला १९६१ पासून 'नोसिबो' म्हणतात. कोलेस्टेरॉलवरचं स्टॅटिन सोसत नाही म्हणून बंद केलेल्या ६० जणांवर ब्रिटनमध्ये 'सॅमसन' ही चाचणी झाली. त्यांनी काही महिने स्टॅटिन घेतलं, काही महिने प्लासिबो आणि काही महिने काहीच नाही. रोजचा त्रास त्यांनी स्वतः गुण देऊन फोनवर नोंदवला. गोळी नसताना सरासरी ८, प्लासिबोवर १५.४, स्टॅटिनवर १६.३. त्रास खरा होता, पण त्याचा फार मोठा भाग गोळी घेण्यातून आला होता, गोळीतल्या औषधातून नव्हे. हे कळल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केलं. कोविड लसींच्या चाचण्यांतही प्लासिबोची सुई घेतलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असा त्रास सांगितला होता.

या साधनाला नैतिक किंमत आहे, आणि ती कोण मोजतं हा या क्षेत्रातला सर्वांत नाजूक प्रश्न. सिद्ध झालेलं औषध हाती असताना कोणाला साखरेची गोळी देता येईल का? १९९४ मध्ये झिडोव्हुडिन या औषधामुळे आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येते, हे सिद्ध झालं होतं. तरी त्यानंतर आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये स्वस्त, कमी दिवसांच्या औषधाची तुलना प्लासिबोशी केली गेली. तिथल्या बायकांना एरवीही औषध मिळणार नव्हतंच, असा युक्तिवाद झाला. १९९७ मध्ये यावर वैद्यकविश्वात मोठं वादळ उठलं. वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याची आजची भूमिका त्या वादातून तावून निघाली आहे. सिद्ध उपचार असेल तर तुलना त्याच्याशीच करावी. अपवाद करायचा तर त्याला भक्कम शास्त्रीय कारण हवं आणि सहभागी माणसाला गंभीर किंवा कायमची इजा होण्याचा वाढीव धोका नसावा. भारतात चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली आणि २०१९ चे नवे नियम आले. कागदावर चौकट उभी आहे. पण संमतिपत्रावर अंगठा उठवणाऱ्या बाईला 'तुम्हाला औषध मिळेल किंवा मिळणारही नाही, आणि कोणतं ते आम्हालाही ठाऊक नसेल' हे तिच्या बोलीत कोणी समजावलं का, हे कोणत्याही नियमापेक्षा महत्त्वाचं आहे.

हे पुस्तक आज का? कारण 'मला गुण आला' या एका वाक्यावर आज पूर्वी कधी नव्हता इतका मोठा बाजार उभा आहे. फोनवर रोज एक काढा, एक तेल, एक चमत्कारिक गोळी येते आणि पुराव्यादाखल येतो तो एका माणसाचा अनुभव. त्याच फोनवर लसीच्या दुष्परिणामांची भीतीही येते आणि नोसिबोचं बी पेरून जाते. अशक्तपणा वाटला की सलाइन लावून घ्यायचं, ताप आला की सुई मागायची, ही सवय गावोगाव आहे. दुसरीकडे रोग्याशी बोलायला डॉक्टरकडे दोन मिनिटंही उरलेली नाहीत. म्हणजे फसवा गुण विकायला ठेवला आहे आणि विश्वासाचा खरा गुण आपण फेकून देतो आहोत.

यावर वाट काय, याबद्दल संग्रहातल्या लेखकांत एकमत नाही आणि संपादक म्हणून ते घडवण्याचा प्रयत्न मी केलेला नाही. काहींना 'उघड प्लासिबो'त आशा दिसते. कॅप्चुक यांनी २०१० मध्ये ८० रोग्यांचे दोन गट केले आणि त्यांतल्या एका गटाला 'ही निष्क्रिय गोळी आहे' असं सांगूनच ती दिली. तीन आठवड्यांत या गटातल्या ५९ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, काहीच न मिळालेल्यांत ३५ टक्क्यांना. इतरांना ही चाचणी फार लहान आणि फार थोड्या दिवसांची वाटते. नैराश्यावरच्या औषधांत प्लासिबोचा वाटा किती, यावरही इथे दोन परस्परविरोधी लेख आहेत. ते वाचून कोणीही आपलं औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नये, ही माझी आग्रहाची विनंती.

या पुस्तकात घरगुती उपायांची यादी नाही. ॲलोपॅथी विरुद्ध आयुर्वेद किंवा होमिओपॅथी असा खटलाही इथे चालवलेला नाही, कारण प्लासिबोची परीक्षा सगळ्यांना सारखीच लागू आहे, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेलासुद्धा. डॉक्टर, औषधनिर्माते, सांख्यिकीतज्ज्ञ, परिचारिका आणि चाचणीत भाग घेतलेली माणसं यांनी आपापल्या जागेवरून जे पाहिलं, ते सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत मांडावं, एवढाच संकल्प आहे. गणित लागेल तिथे ते अंकगणिताच्या पुढे जाऊ दिलेलं नाही.

त्या आजींकडे मी आज पुन्हा गेले असते, तर लाल सुई दिली नसती. या सुईत गुडघ्याचं औषध नाही, हे त्यांना सांगितलं असतं, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम त्यांच्यासोबत बसून दाखवले असते आणि पाच मिनिटांची दहा मिनिटं केली असती. गुण आला असता तर तो आम्हा दोघींना चोरून आला नसता.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. यापुढे कोणी कोणत्याही उपचाराबद्दल "गुण येतो" म्हणालं, तर त्यांच्या अनुभवावर अविश्वास दाखवू नका. फक्त विचारा, कशाच्या तुलनेत? आणि ज्या औषधाने तुमचा ताप उतरला, ज्या लसीने तुमचं मूल वाचलं, त्यांच्यामागे कधीतरी हजारो अनोळखी माणसं प्लासिबोच्या रांगेत उभी राहिली होती, हे लक्षात असू द्या. फायझरच्या कोविड लसीच्या चाचणीत दुसऱ्या डोसनंतर सातव्या दिवसापासून १७० लोक आजारी पडले, त्यांपैकी ८ लसीच्या गटातले आणि १६२ प्लासिबोच्या. त्या १६२ जणांमुळे लसीचा गुण कळला. हे पुस्तक त्यांच्यासारख्या सर्वांना कृतज्ञतेने अर्पण केलं आहे.